ऐकणाऱ्याच्या बाजूने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. निवृत्त शिक्षक, पक्के सोलापूरकर. गेली तीसेक वर्षे ते मला येशूविषयी सांगत आले आहेत. मी मुसलमान, आणि मुसलमानच राहिलो. मागच्या नाताळात करंज्यांची ताटली पुढे सरकवत ते म्हणाले, ‘‘भाई, इतकी वर्षं सांगत आलो. तुम्ही काय, नि आणखी कोण काय, सगळे जिथल्या तिथेच. आता वाटतं, कशाला बोलायचं?’’

हे त्यांनी त्यांच्या पाळकांना विचारायला हवे होते, असे कुणी म्हणेल. पण सांगणाऱ्याची बाजू सांगणारे पुष्कळ असतात. मी ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

आमच्या कुरआनात नूह पैगंबरांची हकीकत आहे. बायबल वाचणारे त्यांना नोहा म्हणतात. पन्नास कमी हजार, म्हणजे साडेनऊशे वर्षे ते आपल्या लोकांत राहिले, त्यांना सांगत राहिले. मानणारे थोडेच निघाले. तरी त्यांना कुणी नापास झालेला पैगंबर म्हणत नाही. निरोप पोचवणे एवढेच पैगंबराचे काम, मन वळवणे अल्लाचे, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. कवीलाही हे बरे कळते. सात श्रोत्यांपुढे मी कविता वाचल्या आहेत, त्यातले दोघे सतरंजी गुंडाळायला थांबलेले होते!

पण नूह पैगंबरांचा काळ फार लांबचा. जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पंढरपुरात आहे.

1893 च्या सुमारास टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेच्या निघाल्या, धर्माच्या निघाल्या. उतरताना त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.  तो प्रवासी आपल्या स्थानकावर उतरून गेला, एवढेच.

खरी परीक्षा पुढे होती. टिळकांच्या घरातच त्यांचे कुणी ऐकले नाही. लक्ष्मीबाई सनातनी वळणात वाढलेल्या. नवरा बाटला म्हणजे घरात जिवंतपणी सुतक. त्या लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ पंढरपूरला बहिणीकडे. विठ्ठलाच्या गावात ख्रिस्ती माणसाची बायको! टिळकांची पत्रे येत राहिली. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याजवळ आल्या. तिथेही चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते सोवळे मोडायला लावले नाही. गावभर प्रवचने करणाऱ्या माणसाला आपल्याच घरात पाणी शिवायची मुभा नव्हती. हे त्यांनी कसे सोसले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. टिळक स्वभावाने शांत मुळीच नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांचा तापटपणा ठाऊक आहे. म्हणून तर मला या संयमाचे मोल जास्त वाटते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात आले, की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. हे त्यांना कुणी प्रवचनातून पटवलेले नव्हते. त्यांनी सर्वांच्या हातचे खायला सुरुवात केली, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला.

हे ऐकून माझे स्नेही म्हणतील, ‘‘बघा, शेवटी आल्याच ना!’’ तर सर, तसे नव्हे. आल्या नसत्या तर टिळकांचे पत्र लिहिणे वाया गेले असते का? मला इथेच सगळे अडते. सांगणारा मनात हिशेब ठेवू लागला की ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. आपण माणूस आहोत की आकडा आहोत, हे कुणाच्याही आवाजावरून ओळखता येते. आमच्यातले तबलीगवाले दारावर येतात तेव्हाही मी हेच पाहतो. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले. कायद्याचा कीस वकील काढतील, पण यातली पहिली गोष्ट मला साध्या शेजारधर्मासारखी वाटते. तुम्ही सांगा, मी ऐकतो. मी नाही म्हणालो तरी उद्याचा चहा आहेच.

टिळकांना आणखी एक उमगले होते. परक्या चालीवरचा येशू इथे परकाच राहणार. म्हणून त्यांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तने केली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी चर्चमध्ये त्यांची गीते आजही गातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. हा दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पण उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्यांसाठी त्यांनी सतरंजी अंथरली, ही गोष्ट मला, कायम उंबरठ्यावरून ऐकणाऱ्याला, फार मोलाची वाटते.

माझ्यापुरते विचाराल, तर सरांनी मला ख्रिस्ती केले नाही. पण कुरआनातला मरियमचा अध्याय मी वाचतो, एकटी बाई, प्रसूतीच्या कळा, खजुराचे झाड, तेव्हा सरांच्या घरातल्या गव्हाणीचा देखावाही डोळ्यांपुढे येतो. आमचे ईसा आणि त्यांचा येशू यांत अंतर आहे. ते आम्ही दोघेही लपवत नाही. त्यावर वाद घालतच आम्ही म्हातारे होत चाललो आहोत.

9 मे 1919 ला टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि लेखणी थांबली. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेल्या, पंढरपुरात नवऱ्याची पत्रे वाचणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी.