गवंड्याचें कापड आणि त्याचा खर्च

सोलापूर हें कापडाचें गांव आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली; पुढें गिरण्या बंद पडल्या, तरी भवानी पेठेसारख्या भागांतून मागांचा आवाज उठतच राहिला. येथील चादर व टॉवेल देशभर प्रसिद्ध आहेत. अलीकडे तयार गणवेश शिवण्याचा धंदाहि येथें वाढीस लागला असून, २०१७ सालीं गणवेशांचें मोठें प्रदर्शन या शहरांत भरलें होतें. शाळेंतील मुलांस आणि कारखान्यांतील कामगारांस गणवेश पुरविणाऱ्या या गांवांत, घर बांधणारा मजूर काय घालून काम करतो आणि तें कापड कोणाच्या पैशाचें असतें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

भवानी पेठेंतल्या एखाद्या अरुंद बोळांत जुनें माळवदी घर पाडून त्या जागीं स्लॅबचें घर उभें राहत असतें. गवंड्याच्या अंगांत जुना शर्ट, डोक्यास टॉवेल आणि पायांत रबरी चपला. विटा वाहणारी बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढविते, कारण विटांनीं हात सोलतात आणि सोलापूरचा उन्हाळा अंग भाजून काढतो. डोक्यावर फाटक्या कापडाची चुंबळ, तिच्यावर सिमेंटचें घमेलें. यांपैकीं एकहि वस्त्र बहुधा मालकाचें नसतें, आणि ठेकेदाराचेंहि नसतें.

मालक कृपण असतो, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चौकट बसवितांना नारळ फुटतो, स्लॅब पडला कीं पेढे वाटले जातात, आणि वास्तुशांतीच्या दिवशीं गवंडी व सुतार यांस टॉवेल-टोपी, क्वचित् पूर्ण पोशाख देऊन त्यांचा मान केला जातो. ही रीत जुनी आहे आणि सुंदरहि आहे. परंतु तिचा क्रम पाहावा. कापड हातीं येतें तें काम संपल्यावर. शिवाय तो आहेर कारागिराचा. घमेलें वाहणाऱ्या बाईपर्यंत तो फारसा पोहोंचत नाहीं.

आतां कामाचा स्वभाव पाहूं गेल्यास, ओलें सिमेंट हा तीव्र क्षार आहे. चुन्याप्रमाणेंच तें कातडीस खातें. तें तासन्‌तास हातापायांस लागून राहिलें तर खोल जखमा होतात, आणि जळजळ जाणवेपर्यंत पुष्कळदां अपाय होऊन चुकलेला असतो. सिमेंटांतील क्रोमियममुळें कित्येकांस खाज व भेगांचा जुनाट विकार जडतो. मग सिमेंटाचा स्पर्शहि सोसवत नाहीं, आणि आयुष्यभर शिकलेला धंदा सोडण्याची पाळी येते. ज्याच्या पायांत रबरी बूट व हातांत मोजे आहेत, त्याचें यापासून बरेंच रक्षण होतें.

यावर ठेकेदार म्हणेल, "कपडे तर जो तो आपलेच घालतो. थापी आणि ओळंबाहि गवंडी घरूनच आणतो." या म्हणण्यांत तथ्य आहे. थापी हें कसबाचें अंग. ती गवंड्याबरोबर या कामावरून त्या कामावर जाते. उलट फावडें, घमेलें, परांची हीं कामाचीं साधनें. तीं ठेकेदार पुरवितो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. मग बूट व मोजे कोणत्या पंक्तींत बसवावयाचे? बिगाऱ्यास ते घरीं लागत नाहींत, बाजारांत लागत नाहींत. लागतात ते केवळ दुसऱ्याच्या घराचें सिमेंट कालवितांना. म्हणून ते घमेल्याच्या पंक्तींतले होत. अमेरिकेंत २००८ पासून अमलांत आलेला नियमहि असाच भेद करतो : रोजच्या वापराचे कपडे कामगाराचे, आणि संरक्षणाचीं साधनें सामान्यतः मालकाच्या खर्चाचीं. ब्रिटनमध्यें तर कायद्यानें आवश्यक ठरविलेल्या अशा साधनांबद्दल कामगाराकडून पैसे घेण्यास १९७४ च्या कायद्यानेंच मनाई केली.

आपल्या देशांत १९९६ सालीं बांधकाम कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. १९९८ च्या केंद्रीय नियमांत तपशील आला : वरून कांहीं पडण्याचा धोका असेल तेथें शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, ओल्या काँक्रीटांत उभें राहावें लागेल त्यास पाणी न शिरणारे बूट, पावसांत काम करणाऱ्यास रेनकोट व टोपी. हें सर्व काम देणाऱ्यानें पुरवावयाचें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितांनीं घेतली. त्यांतील सुरक्षिततेच्या संहितेप्रमाणें, सुरक्षितता व आरोग्य यांसाठीं पुरविलेल्या कोणत्याहि गोष्टीबद्दल कामगाराकडून पैसा घेतां येत नाहीं.

परंतु दहापेक्षां कमी कामगार असलेलें बांधकाम, तसेंच स्वतःच्या राहण्यासाठीं बांधलेलें पन्नास लाख रुपयांपर्यंतचें घर, बांधकामाच्या व्याख्येंतूनच वगळलें आहे. म्हणजे दोन गवंडी व चार बिगारी यांच्या हातून उभें राहणारें बोळांतलें घर या तरतुदींच्या बाहेर पडतें.

दुसरा मार्ग कल्याण मंडळाचा. मोठ्या बांधकामांच्या खर्चावर शेंकडा एक रुपया उपकर घेतला जातो, आणि त्या निधींतून महाराष्ट्राच्या मंडळानें नोंदणी झालेल्या कामगारांस हेल्मेट, बूट, मोजे इत्यादींचा सुरक्षा संच दिलेला आहे. मात्र नोंदणीसाठीं मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहून आज या मालकाकडे, उद्यां त्या मालकाकडे जाणाऱ्यास तो दाखला कोणीं द्यावा? शिवाय मोजे झिजतात, फाटतात; एकदां मिळालेला संच जन्माला पुरत नाहीं.

तेव्हां उरतो तो घर बांधणारा गृहस्थ. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरतो, तेव्हां पाणी कोणाचें, वीज कोणाची, परांची कोणाची, हें सारें बोलून घेतलें जातें. त्याच बोलण्यांत बूट, मोजे व हेल्मेट यांचाहि उल्लेख व्हावा. रबरी बुटांच्या साध्या जोडास सुमारें एका सिमेंटच्या पोत्याइतका पैसा पडतो, आणि घरास अशीं शेंकडों पोतीं लागतात. मालकाच्या हिशेबांत हा खर्च दिसणारहि नाहीं. बिगारी बाईच्या हिशेबांत मात्र ती जवळजवळ एका दिवसाची मजुरी आहे, आणि त्या मजुरीवर संध्याकाळची चूल अवलंबून असते. वास्तुशांतीचा मान शेवटीं खुशाल द्यावा. पण हात शाबूत ठेवणारें कापड पाया खणावयाच्या दिवशींच द्यावें, आणि तें विटा वाहणाऱ्या बाईच्या मापाचेंहि असावें.