गोधडी आणि नागमोडी टाका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. परंतु मंडळाच्या बायकांनी आग्रह केला, 'तुला गोधडीतले कळते, तेच सांग.' म्हणून दोन शब्द बोलायला उभी राहिले आहे.

आपल्या आसगावात धान घरात आले, कोठ्या भरल्या, म्हणजे बायकांचे हात जरा मोकळे होतात. मग दुपारच्या उन्हात ओसरीवर जुनी लुगडी पसरली जातात. माझी माय अशीच गोधडी शिवीत असे. वर लुगडे, खाली लुगडे, मध्ये धोतराचे नि चादरीचे तुकडे. चारी कडा आधी शिवायच्या, मग कडेकडेने धावदोरा घालीत मध्यापर्यंत जायचे. शिकवताना ती म्हणे, "पोरी, जुन्या लुगड्याले हळू हाताने शिवावं." त्या वेळी मला वाटे, ही उगाच वेळ काढते.

चाळिशी आली नि सुईत दोरा जाईना. तेव्हा भंडाऱ्याला एक शिंपी दुकान बंद करीत होता, त्याच्याकडून मी पिकोचे जुने लोखंडी यंत्र विकत घेतले. साडीला पिको करतात ते यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. साध्या यंत्राची सुई फक्त खालीवर होते. याची सुई खालीवर होता होता डावीउजवीकडेही जाते, म्हणून टाका नागमोडी पडतो.

या टाक्याची हकिकत मला मुलीने वाचून दाखविली. अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली शिवणयंत्राची पेटंटे घेतली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट १८७३ साली एका बाईने घेतले. तिचे नाव हेलन ब्लँचर्ड. ऐकून मला फार बरे वाटले. आणि यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली 'यंग इंडिया'त शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बाईचे कष्ट वाचविणारे यंत्र त्यांनाही चालत होते.

असो. आता माझी चूक सांगते, कारण ती सांगण्यासाठीच मी उभी आहे.

माय गेली तेव्हा तिची दोन लुगडी माझ्या वाट्याला आली. माझी मुलगी शिकायला नागपूरला वसतिगृहात निघाली होती. थंडीचे दिवस. म्हटले, आजीची ऊब नातीबरोबर जाऊ दे. हाताने शिवायला वेळ नव्हता. मी यंत्रावर बसले आणि दोन दिवसांत गोधडी उभी केली. टाका मजबूत व्हावा म्हणून नागमोडी टाका अगदी दाट घातला. शेजारपाजारच्या बायकांनी कौतुक केले, मीही फुगले.

होळीला मुलगी घरी आली. गोधडी पिशवीत गुंडाळून आणली होती. काही न बोलता तिने ती माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्याच धुण्यात लुगडे शिवणीच्या रेघेने फाटले होते. पोस्टाचे तिकीट भोकांच्या ओळीवर फाटते ना, तसे. दोरा शाबूत होता, मायचे लुगडे मात्र गेले होते. त्या दिवशी मला घास गिळवला नाही.

मग समजले. जुने कापड विरलेले असते. दाट टाक्याची सुई त्याला शेजारी शेजारी भोके पाडते आणि त्याचा उरलासुरला जीव काढून घेते. हाताचा धावदोरा लांब असतो, सैल असतो, कापडाला श्वास घेऊ देतो. माय वेळ काढीत नव्हती, ती लुगडे राखीत होती.

तेव्हापासून मी काही नियम धरले आहेत. जुन्या लुगड्याचा कोपरा ओला करून दोन अंगठ्यांनी ताणून पाहावा. चर्र आवाज आला तर ते कापड हातानेच शिवावे. चांगले टिकाऊ कापड असेल तर यंत्र चालेल, पण आधी सर्व थरांना हाताने कच्चे टाके घालावेत. यंत्राचे दात खालचा थर पुढे ओढतात नि वरचा मागे राहतो, त्यामुळे शेवटी चुण्या पडतात. शिवण मध्यापासून बाहेर न्यावी. सुई सोळा किंवा अठरा नंबरची घ्यावी आणि टाका लांब ठेवावा. तुकडे जोडायला, काठ आवळायला आणि ठिगळ लावायला नागमोडी टाका उत्तम, कारण ओढ बसली तर तो थोडा ताणला जातो, सरळ टाक्यासारखा तटकन तुटत नाही.

ती फाटलेली गोधडी मी उसवली. वाचलेले तुकडे यंत्रावर नव्या सुती कापडाला जोडले आणि वरचा धावदोरा हाताने घातला. सुईत दोरा ओवून द्यायला शेजारच्या पोरी येत. माझ्या जावेने आणि आपल्यातल्या तिघीजणींनी दुपारी येऊन हात लावला. एकूण एकोणीस दिवस लागले. ती गोधडी आज मुलीच्या अंगावर आहे.

या एकोणीस दिवसांवरून आणखी एक सांगते. गोधडी शिवून दे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण मजुरीची गोष्ट काढली की म्हणतात, 'घरचंच तर काम आहे.' भगिनींनो, किती दुपारी बसलो ते लिहून ठेवावे आणि तेवढे दाम संकोच न करता मागावे. आपणच आपले श्रम फुकट म्हटले, तर दुसरा कोण मोल देईल?

माझी एक विनंती आहे. ते पिकोचे यंत्र मी मंडळाच्या खोलीत आणून ठेवते. दर बुधवारी दुपारी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. म्हाताऱ्या बायकांनीही यावे, कारण धावदोरा त्यांच्याच हातात आहे आणि तो यंत्राला येत नाही. मायचे, सासूचे लुगडे ट्रंकेत असेल तर जरूर आणा, पण आधी कोपरा ताणून पाहा.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्या. एवढे बोलून मी आपली रजा घेते. जय हिंद!