ऑसिलोस्कोपची नजर आणि तिची मर्यादा



दूरध्वनीवरून एखादे अपरिचित आडनाव सांगताना ‘स’ उच्चारावा आणि पलीकडे ‘फ’ ऐकू जावा, हा अनुभव पुष्कळांचा आहे. मग ‘समईतला स’ असा खुलासा करावा लागतो. बोलणाऱ्याचा उच्चार शुद्ध असतो, ऐकणाऱ्याचे कानही शाबूत असतात. उणेपणा असतो तो मधल्या वाटेचा. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेतो, आणि ‘स’चा सीत्कार बराचसा त्या पट्ट्याच्या वर राहतो. जे कंप एखादे साधन फारशी काटछाट न करता पुढे जाऊ देते, त्यांच्या पट्ट्याच्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात. दूरध्वनीवर चूक झाली तर निदान पुन्हा विचारता येते. परंतु ज्या यंत्राच्या साक्षीवर इतर यंत्रांची परीक्षा होते, त्याचीच वाट अरुंद असेल तर? ऑसिलोस्कोपच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या दाबातील चढउतार पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखविणारे उपकरण. त्याची मूळ नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञाने १८९७ साली स्ट्रासबर्ग येथे तयार केली. पुढे १९४७ साली अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स या संस्थेने ‘५११’ हा ऑसिलोस्कोप बाजारात आणला. त्याची बँडविड्थ १० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी कंपांची होती. २०१८ साली कीसाइट या कंपनीने ११० गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचणारे उपकरण जाहीर केले. सात दशकांत ही नजर अकरा हजार पटींनी तीक्ष्ण झाली; पण तिची मर्यादा सांगण्याची मूळ रीत मात्र बदलली नाही.

ही रीत नीट समजून घेतली पाहिजे. उपकरणावर ‘१०० मेगाहर्ट्‌झ’ असे छापलेले असते. त्यावरून शंभरपर्यंत सारे अचूक दिसते आणि त्यानंतर काहीच दिसत नाही, असा समज सहज होतो. वस्तुतः तो आकडा अचूकतेची हमी नसून घट कुठे किती होते याची कबुली आहे. वारंवारता वाढत जाते तशी पडद्यावरील लाटेची उंची हळूहळू कमी होऊ लागते. ती मूळ उंचीच्या ०.७०७ पट उरते, तो बिंदू म्हणजे बँडविड्थची सीमा. ०.७०७चा वर्ग अर्धा होतो. म्हणजे तेथे संकेताची शक्ती निम्मी झालेली असते. अभियंते यालाच तीन डेसिबलची घट म्हणतात. थोडक्यात, शंभराच्या उपकरणावर शंभर मेगाहर्ट्‌झची १ व्होल्टची लाट सुमारे ०.७ व्होल्टचीच दिसते. तीस टक्के चूक अगोदरच त्या आकड्यात सामावलेली असते.

मापनाची पद्धतही याच व्याख्येवर उभी आहे. वारंवारता बदलली तरी जिच्या लाटेची उंची बदलत नाही, अशी संकेतजनित्राची साधी, गोलाईदार लाट घेतात. केबलच्या टोकाशी ५० ओहमचा रोध जोडतात. तो नसेल तर लाट टोकावरून परावर्तित होऊन मापन बिघडते. प्रथम ५० किलोहर्ट्‌झसारख्या कमी वारंवारतेवर लाटेची उंची पडद्यावरील ६ घरे भरेल अशी जुळणी करतात. मग जनित्राची वारंवारता वाढवीत नेतात. लाट ६ घरांवरून ४.२ घरांवर उतरते, तेथे थांबतात. ती वारंवारता हीच उपकरणाची बँडविड्थ. ती छापील आकड्याहून कमी भरली तर उपकरण दुरुस्तीस पात्र ठरते. ही परीक्षा संवेदनशीलतेच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर घ्यावी लागते, कारण अनेक उपकरणांत सर्वांत सूक्ष्म पायरीवर बँडविड्थ घटते.

दुसरी वाट काळाच्या मापनाची. एकदम उसळणारा संकेत उपकरणाला देतात आणि पडद्यावरील रेषा १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढण्यास किती वेळ घेते ते मोजतात. ०.३५ला त्या वेळाने भागले की बँडविड्थ मिळते. शंभर मेगाहर्ट्‌झच्या उपकरणाचा चढण्याचा काळ ३.५ नॅनोसेकंद येतो तो याच हिशेबाने. अट एवढीच, की दिलेला संकेत उपकरणाहून पुष्कळ वेगवान हवा. एरवी उपकरणाऐवजी संकेताचेच मोजमाप होते. शिवाय काही आधुनिक उपकरणांची घट सीमेजवळ अधिक उभी असते, त्यांना ०.३५ऐवजी ०.४ किंवा त्याहून थोडा मोठा गुणक लावावा लागतो.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे कोणी विचारील. आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत २० किंवा ३० मेगाहर्ट्‌झचे ऑसिलोस्कोप वर्षानुवर्षे वापरले गेले. ध्वनिवर्धकाची परीक्षा घेण्यास ते भरपूर आहेत. परंतु २० मेगाहर्ट्‌झच्या उपकरणाचा स्वतःचा चढण्याचा काळ १७.५ नॅनोसेकंद असतो. त्याच्यापुढे ५ नॅनोसेकंदांत चढणारा संकेत ठेवला तर दोन्ही काळांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते, आणि पडद्यावर सुमारे १८.२ नॅनोसेकंदांचा संथ चढ दिसतो. विद्यार्थी जे मोजतो ते मंडलाचे नव्हे, तर आपल्या उपकरणाचेच मोजमाप असते. त्याहून अनर्थकारक गोष्ट अशी, की संगणकाच्या मंडलातील बिघाडाचे कारण ठरणारी क्षणिक उसळी अशा पडद्यावर जवळजवळ पुसली जाते. अपुरे उपकरण ‘मला दिसत नाही’ असे म्हणत नाही. ते गुळगुळीत, देखणे चित्र दाखवते, आणि सदोष मंडल निर्दोष ठरून बाहेर पडते.

म्हणूनच चौकोनी लाट पाहावयाची असेल तर तिच्या वारंवारतेच्या पाचपट बँडविड्थ असावी, असा व्यवहारातला दंडक आहे. चौकोनी लाट ही मूळ लाटेबरोबर तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींच्या लाटांची बेरीज असते. त्या वरच्या लाटा गळल्या की कोपरे गोल होतात. जोडलेल्या प्रोबचाही विचार हवा. ‘एकपट’ खुणेवर ठेवलेला नेहमीचा प्रोब बहुधा १० मेगाहर्ट्‌झच्या आतच थकतो, मग मागचे उपकरण कितीही मोठे असो. अंकीय उपकरणांत नमुने घेण्याचा वेग हा आणखी वेगळा आकडा असतो. तो मोठा दिसला म्हणून बँडविड्थही मोठी असे होत नाही.

दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. या यंत्राच्या बाबतीत दिसते आणि असते यांतील अंतर किती, हे अगोदरच मोजून ठेवता येते. तेव्हा उपकरणाच्या दर्शनी भागावरील आकडा वाचताना तो कोणत्या पायरीवर, कोणत्या प्रोबसह आणि कोणत्या पद्धतीने मोजला, हे विचारावे. जो विद्यार्थी पडद्यावरच्या रेषेवर विश्वास ठेवण्यापूर्वी ६ घरांची लाट ४.२ घरांवर कुठे उतरते हे स्वतः मोजून पाहतो, त्याच्या वहीतील पुढच्या साऱ्या नोंदींना त्या एका नोंदीमुळे अर्थ येतो.