विजेचे पेव
(कळमनुरी येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात विजेच्या साठवणुकीवर व्याख्यान कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. परंतु रब्बीच्या दिवसांत रात्रपाळीची वीज आली म्हणजे विजेरी हाती घेऊन हरभऱ्याला पाणी द्यावयास जो निघतो, तो आपल्याच घरचा कर्ता पुरुष असतो. थंडी व विंचूकाटा त्याच्या वाट्याला येतात आणि तो परतेपर्यंत घरच्या माउलीचा डोळा लागत नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

वीज हे असे धान्य आहे, की ते ज्या क्षणी पिकते त्याच क्षणी खावे लागते. निर्मिती व मागणी यांचा तोल राहिला, तरच प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने टिकतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडताच मुंबईच्या लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, हे आपणांस स्मरत असेल.

शेतीला दिवसा वीज मिळावी, म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. उद्देश उत्तमच आहे. परंतु सूर्य माध्यान्ही उदार असतो आणि घरोघर दिवे लागण्याच्या वेळीच निरोप घेतो. दुपारची ही सुगी संध्याकाळपर्यंत राखावयाची कशी?

आपल्या पूर्वजांनी ज्वारीसाठी पेव खणले, ते याच विचाराने. विजेचेही पेव असते. शेजारच्या येलदरीला पूर्णा नदीचे पाणी अडविले आहे. पायथ्याच्या वीजघरातून ते सोडले, की वीज होते आणि पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते. मात्र गेलेले पाणी तेथे पुन्हा वर चढत नाही. सह्याद्रीतील घाटघरला तीही सोय आहे. २५० मेगावॅटच्या त्या प्रकल्पात विजेची गरज कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घेतात.

आपल्याकडे असे कडे नाहीत. तेथे उपयोगी पडते ती मोठी बॅटरी. पोलादी पेट्यांत लिथियमच्या घटांच्या रांगा लावून त्या उपकेंद्राला जोडतात. छत्तीसगडात राजनांदगाव येथे सौर प्रकल्पाला जोडलेली अशी बॅटरी २०२४ साली सुरू झाली. तिची शक्ती ४० मेगावॅट व साठा १२० मेगावॅट-तास आहे. मेगावॅट म्हणजे पेवाचे तोंड आणि मेगावॅट-तास म्हणजे पेवाची खोली. अर्थात पूर्ण जोराने ती तीन तास वीज देईल. शिवाय तोल ढळताच ती निमिषार्धात सावरू शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ साली संपूर्ण प्रांताची वीज गेली; पुढल्याच वर्षी तेथे १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली.

तथापि कोणी भाबडेपणाने भुलू नये. पेव धान्य पिकवीत नाही, तशी बॅटरीही वीज निर्माण करीत नाही. साठवून परत घेताना शंभरातील दहा-पंधरा भाग खर्ची पडतात. श्रावणातील झडीचे आठ दिवस ती पुरणार नाही. वर्षांगणिक तिची शक्ती उणावते आणि आगीविषयी डोळ्यांत तेल घालून दक्षता घ्यावी लागते.

शेवटी दोन विनंत्या करतो. आपल्या शिवारात सौर प्रकल्पाची बोलणी निघाली, तर जमिनीच्या भाड्याबरोबरच ‘संध्याकाळची साठवण कोठे?’ हेही ग्रामसभेत विचारावे. आणि मंडळाने शिष्यवृत्ती देताना विजेचे तंत्र शिकणाऱ्या मुलामुलींचा विशेष विचार करावा. ही यंत्रे आपल्या गावी आली, तर ती सांभाळणारे हातही आपल्याच गावचे असावेत. दिवसा पाणी, रात्री झोप आणि दिवेलागणीला उजेड, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.