देवाचे ब्रीद

(नरसी नामदेव येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या पवित्र स्थळी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. मी कीर्तनकार नव्हे आणि वेदान्ती तर मुळीच नव्हे. शिंप्याच्या घरी जन्मलो, पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकविले आणि आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. जे पाहिले, जे सोसले आणि त्यातून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवण्याचा माझा मानस आहे.

विषय आहे संकटकाळी देवावरील भरवशाचा. या विषयावर बोलण्यास कयाधूच्या काठच्या या नरसीहून योग्य जागा ती कोणती? शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी नामदेवरायांचा जन्म झाला. जन्मस्थळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत हे मी जाणतो. परंतु आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी याच मातीला मस्तक टेकविले आहे, आणि त्याच श्रद्धेने आपण आज येथे जमलो आहोत.

दीनांचा कैवार घेणे, भक्ताचा सांभाळ करणे हे देवाचे ब्रीद, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण संकटात सापडलेला मनुष्य विचारतो, “हे ब्रीद खरे असेल तर मग हे माझ्याच वाट्याला का?” २०२० साली ऐन लग्नसराईत टाळेबंदी झाली आणि आपल्या कित्येक बांधवांची शिवणयंत्रे महिनोन् महिने मुकी बसली. तयार कपड्यांनी तर त्याआधीच आपल्या धंद्याचा कणा मोडत आणला होता. अशा वेळी घरातील माउली देव्हाऱ्याकडे पाहून हा प्रश्न विचारते, तेव्हा तिला ‘श्रद्धा ठेव’ एवढेच सांगून भागत नाही. तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

हा प्रश्न नामदेवरायांच्या घरीही विचारला गेला होता, ही गोष्ट आपण विसरतो. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या नावाचेही अभंग आहेत. मुलगा विठ्ठलाच्या नादी लागला आणि प्रपंच उघडा पडला, ही मातेची व पत्नीची तक्रार त्यांत स्पष्ट शब्दांत मांडली आहे. संतांच्या घरातील ही कुरकुर कोणी झाकून ठेवली नाही. ती अभंगांच्या शेजारी अभंग म्हणूनच ठेवली. खुद्द नामदेवरायही देवाच्या दारी उभे राहून त्याला त्याच्या ब्रीदाची आठवण देतात, रुसतात, रागे भरतात. याचा अर्थ असा, की गाऱ्हाणे सांगणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. जो आपला असतो त्याच्यापुढेच मनुष्य गाऱ्हाणे सांगतो.

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथातील केशवशेटीची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव घरी नसताना घरात अन्नाचे हाल होत होते. तेव्हा स्वतः पांडुरंग सावकाराच्या वेषात, केशवशेटी असे नाव सांगून आला आणि मोहरा देऊन गेला. लहानपणी मी ही कथा ऐके तेव्हा माझे सारे लक्ष मोहरांवर असे. आता वाटते, की कथेचे मर्म मोहरांत नाही, वेषात आहे. देव आला तो देवाच्या रूपात आला नाही. आणि ज्या राजाईच्या हाती त्याने द्रव्य दिले, तिला तो ओळखताही आला नाही. या वेषाची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा वळावयाचे आहे.

नामदेवरायांचा भरवसा प्रथम बालकाचा होता. नैवेद्य ठेवला की देवाने तो खावा, हाक मारली की त्याने बोलावे. पुढे संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन मडकी तपासावी तशी सर्वांची मस्तके तपासली आणि नामदेव कच्चे ठरले. मन दुखावले, पण त्या दुखावलेल्या मनानेच ते आपल्या या औंढा नागनाथी विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. “जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव” असे त्यांनी म्हटल्यावर नामदेवांना तशी जागा सापडेना, अशी परंपरा सांगते. पंढरीच्या गाभाऱ्यात जो आपले ऐकतो तो सर्वत्र आहे, हा तो धडा होता. पण हा धडा ऐकणे वेगळे आणि आयुष्यभर त्याची परीक्षा देणे वेगळे.

ती परीक्षा लवकरच आली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, आणि थोड्याच काळात सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथही गेले. नामदेवांचे वय तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. पुढे १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्यही लयास गेले. ज्ञानदेवांच्या समाधीचे वर्णन नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांतून आपणांस लाभले आहे आणि ते शोकाने ओथंबलेले आहे. ज्याला सर्वत्र देव दिसला तोही मित्राच्या वियोगाने रडला! श्रद्धावंताने डोळ्यांत पाणी आणू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे अभंग वाचावे. मात्र रडून ते थांबले नाहीत. त्यानंतर चौपन्न वर्षे ते जगले. टाळ-वीणा घेऊन पंजाबापर्यंत गेले. घुमान येथे त्यांची स्मृती आजही जागती आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते त्या पावलांचा माग काढीतच.

आता मी सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतो. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसह चोखोबा सापडले. ज्याच्या मुखात अष्टौप्रहर विठ्ठल होता, त्याच्यावर विठ्ठलाने भिंत पडू दिली! देवाच्या ब्रीदाचे काय झाले? बंधूंनो, या प्रश्नाला मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. परंपरेनेही ते दिलेले नाही. ऐन वेळी देवाने भिंत हाताने तोलून धरली, अशी कथा कोणी रचली नाही. परंपरा एवढेच सांगते, की नामदेवराय पंढरपुराहून मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यात शोधत बसले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी वेचल्या, आणि महाद्वारी आणून त्यांची समाधी बांधली. जातीने शिंपी असलेल्या पुरुषाने, गावाने अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या अस्थी आपल्या हातांनी उचलल्या. मला वाटते, देवाचे ब्रीद त्या दिवशी त्या हातांत होते.

यावरून मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता. परभणीतून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. विहिरी आटल्या, रानात काडी उगवली नाही. ज्याच्या घरी दाणा नाही तो नवी बंडी कशाला शिवील? माझ्या वडिलांनी शिवणयंत्र गहाण टाकले आणि ते दुष्काळी कामावर खडी फोडण्यास जाऊ लागले. घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी, आम्हां मुलांना सुकडी. मजुरी मिळे ती फोडलेल्या खडीच्या ढिगाचे माप घेऊन. ज्या बोटांनी जन्मभर सुई धरली त्यांना हातोडा पेलेना. तळहातांना फोड आले, ते फुटले, आणि संध्याकाळी हरिपाठाला टाळही धरवेना. एके रात्री आई म्हणाली, “तुमचा विठ्ठल आहे तरी कुठं?” वडील काही बोलले नाहीत.

पुढील आठवड्यापासून त्यांचे माप भरू लागले. ते त्यांनी सवयीचा गुण मानला. पुढे कळले, की शेजारी काम करणारा एक मनुष्य अंधार पडल्यावर आपल्या ढिगातील दोन टोपली खडी रोज त्यांच्या ढिगावर टाकीत असे. तो मनुष्य आमच्या गावचाच होता. त्याच्या घरचे पाणी आम्ही पीत नव्हतो. त्याचीही पोरे सुकडीच खात होती.

बंधूंनो, याच्या पुढचा भाग सांगताना आज साठी उलटल्यावरही माझी मान खाली जाते. पाऊस पडला, यंत्र सुटले, आणि वडिलांनी त्याच्यासाठी एक सदरा शिवला. पण तो सदरा त्याला आमच्या अंगणात उभा करूनच देण्यात आला. घरात या, बसा, असे आम्ही म्हटले नाही. केशवशेटी दारात येऊन गेला आणि आम्ही त्याला अंगणातच ठेवले. वडिलांना ही गोष्ट अखेरपर्यंत सलत होती. मृत्यूपूर्वी ते मला म्हणाले, “आपण विठ्ठलाला विचारलं, तू कुठं आहेस म्हणून, त्यानं सांगितलं, आणि आपण उंबरा आडवा केला.”

पंढरपुरातही याहून वेगळे काय घडले? चोखोबांची समाधी महाद्वाराशी, नामदेवांच्या पायरीजवळ. पण त्यांच्या ज्ञातीला सहाशे वर्षे आत पाऊल टाकता आले नाही. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. देवाने ब्रीद सोडले नव्हते. दाराची कडी माणसांच्या हाती होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवावर भरवसा म्हणजे आपल्या कर्तव्याला रजा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसे दगामातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर येऊन गेली. त्यांच्या भक्तीत काही उणे होते काय? मुळीच नाही. उणी होती ती भिंतींची बांधणी. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आपल्या या हिंगोली जिल्ह्याची भूमीही लागोपाठ दोनदा हादरली. देव्हाऱ्यात दिवा लावावाच. पण भिंतीत पक्के सांधेही घालावे. शिंप्याला हे वेगळे सांगणे नको. पांडुरंगाचे नाव घेत तो टाका घालतो, परंतु नाव घेतले म्हणून गाठ मारावयाची तो विसरत नाही.

तर मग भरवसा म्हणजे काय? माझ्या अल्पबुद्धीला जे कळले ते असे. दुष्काळ पडणार नाही, भिंत कोसळणार नाही, असे वचन देवाने कोणा संतालाही दिलेले दिसत नाही. पण ढिगाऱ्यापाशी कोणीच येणार नाही, असे मात्र होत नाही. कोणीतरी येते. ते कोणत्या वेषात येईल, हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही. त्याला ओळखणे आणि पुढे आपणही कोणासाठी तसे होऊन जाणे, एवढेच आपल्या हाती आहे.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. आपल्या ज्ञातीत ज्यांचे दुकान बंद पडले, ज्या भगिनीचा आधार गेला, त्यांच्याकडे आपण आपण होऊन जावे. त्यांना मागावयास लावू नये. पण तेवढ्यावर थांबू नये. ज्ञातीची संघटना हे आपले घर आहे आणि घराला भिंती हव्यातच. परंतु दार नसलेले घर हे घर नव्हे. त्या खडीवरच्या मनुष्याने आमची ज्ञाती विचारली नव्हती.

इ. स. १३५० मध्ये देह ठेवताना नामदेवरायांनी मागितले ते एवढेच, की महाद्वाराच्या पायरीखाली जागा मिळावी आणि संतांचे चरण मस्तकी लागावेत. ते पाय कोणत्या ज्ञातीचे असावेत, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांचे वंशज म्हणविणाऱ्या आपणां सर्वांस तशीच नम्रता आणि तसाच भरवसा लाभो, अशी पांडुरंगचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!