मयताचे भाग आणि वारसांचा अधिकार

चेन्नईजवळच्या गिंडी येथे 1958 साली सरकारने औद्योगिक वसाहत उभारली. अशा वसाहतींतील पुष्कळ कारखाने खासगी कंपन्यांचे असतात. भागधारक म्हणजे दोघे भाऊ आणि एखादा स्नेही, इतकेच. समजा, अशा एका कंपनीचे तिघे समान भागधारक आहेत आणि त्यांपैकी एक निवर्तला. दिवसपाणी आटोपल्यावर त्याची पत्नी कचेरीत जाऊन हिशेब मागते. तेव्हा धाकटा दीर नम्रपणे म्हणतो, "वहिनी, सभासदांच्या नोंदवहीत तुमचं नाव नाही."

बोलणे खोटे नाही. परंतु ते नाव नोंदवणे त्याच संचालकांच्या हाती असते. दाराची किल्ली त्यांच्याकडे, आणि आत का येत नाही हा प्रश्नही त्यांचाच!

श्रोतेहो, भाग ही मालमत्ता आहे. माणसाबरोबर ती मरत नाही. विक्रीने होते ते हस्तांतर, आणि मृत्यूमुळे कायद्यानेच होते ते संक्रमण. संक्रमणाला विक्रीपत्र लागत नाही. वारसाने कागदपत्रांसह कंपनीला सूचना द्यावी. खासगी कंपनीने नकार कळवला, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. उत्तरच आले नाही, तर सूचना पोहोचल्यापासून 60 दिवसांत.

पण तोवर कारभारच लुबाडला जात असेल तर? जुलमी कारभाराविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कायदा 'सभासदा'ला देतो. सामान्यतः भांडवलाचा एक-दशांश हिस्सा असावा लागतो. वारस सभासद नव्हे, मग काय करावे? 'वर्ल्डवाइड एजन्सीज' खटल्यात 1989 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. नोंदवहीत मयताचे नाव कायम असताना त्याचे कायदेशीर प्रतिनिधी त्याच्या जागी उभे राहून अर्ज करू शकतात. नाहीतर ज्यांचे भाग, त्यांनाच दाद मागण्याची सोय उरली नसती.

या अधिकारालाही मर्यादा आहे. वारसा कोणाचा हाच वाद दिवाणी न्यायालयात चालू असेल, तर आधी तो मिटावा लागतो. ओसवाल कुटुंबाच्या खटल्यात 2020 साली न्यायालयाने असेच ठरवले. दुसरा गैरसमज नामनिर्देशनाचा. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या वादात 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग झाले, तरी ती त्यांची मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने अथवा वारसा कायद्यानेच ठरते.

म्हणून त्या वहिनींनी तोंडी विनवण्या करीत बसू नये. लेखी सूचना द्यावी, पोच घ्यावी आणि तारखा मोजाव्यात. आणि जे आज हयात आहेत, त्यांनी मृत्युपत्र करून त्याची कल्पना घरच्यांना द्यावी. कारखाना उभारताना आपण यंत्रांचा विचार करतो. आपल्यामागे त्या दारात कोण उभे राहील, याचाही करावा.