मोजले म्हणून कळले



आज आम्ही तुमच्याशी हिशेबाबद्दल बोलणार आहोत. हिशेब पैशाचा नाही, धान्याचाही नाही. हा हिशेब आहे जिवाचा.

शेतात किती पोती धान झाले ते आपण मोजतो. गोठ्यात जनावरे किती, ते पोरसुद्धा सांगते. पण गेल्या वर्षी आपल्या गावात किती मुले जन्मली आणि किती दगावली, असे कुणी विचारले तर? आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. बारशाआधीच गेलेले मूल तर कुणाच्या हिशेबातच नसते. "देवाची मर्जी" म्हणून आपण गप्प बसतो. आई मात्र विसरत नाही.

आता गडचिरोलीची गोष्ट ऐका. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. दाट जंगल, भाताची शेती, गोंड आणि माडिया लोकांची वस्ती. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. शहरातल्या आजारी मुलाला जवळच दवाखाना. इथल्या मुलाला तो कोसावर. आजार तोच, पण एक जगे आणि दुसरे मरे. हा न्याय म्हणायचा का?

डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे जोडपे 1986 साली तिथे कामाला लागले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'. त्यांनी लोकांना विचारले, "तुम्ही दवाखान्यात का येत नाही?" लोक म्हणाले, "मोठ्या इमारतींची भीती वाटते. तिथली माणसे पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मढ्याला पांढरे गुंडाळतो!" मग दवाखाना बांधला तो झोपड्यांसारखा. नाव दिले दंतेश्वरी देवीचे. आता सांगा, अडाणी कोण? न येणारा, की आजवर न विचारणारा?

मुले निमोनियाने मरत होती. निमोनियात मूल भराभर श्वास घेते. ते श्वास मोजायचे कसे? गावच्या सुइणींना दहा-बारापर्यंतच मोजता येई. म्हणून एक साधे यंत्र केले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर समजायचे निमोनिया. पाटी न धरलेली सुईणही आता आजार ओळखू लागली.

पुढचे काम याहून अवघड होते. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मुले का जातात, हे शोधायचे होते. 39 गावांत गावच्याच लिहित्या-वाचत्या बायका निवडल्या. त्या बाळंतिणीच्या घरी जात. बाळाचे वजन करीत, अंग गार पडले का बघत, दूध ओढते का बघत, आणि सगळे वहीत लिहीत. दुसरा माणूस येऊन जन्ममृत्यूंचा पडताळा करी. सुरुवातीचा हिशेब निघाला, तो असा: हजार मुले जन्मली की त्यातली 62 महिन्याच्या आत जात. कारणेही कळली. जंतूंची बाधा, जन्मताच श्वास न येणे, कमी दिवसांचे मूल.

1995 पासून त्याच बायका शिकून घरीच उपचार करू लागल्या. बाळाला ऊब देणे, लगेच अंगावर पाजणे, श्वास अडला तर हवा देणे, जंतुबाधेला इंजेक्शन. तीन वर्षांत 62 चा आकडा 25-26 वर आला. शेजारच्या 47 गावांत हे उपचार नव्हते. तिथे मरणे जवळजवळ पहिल्याइतकीच राहिली. म्हणून फरक कशाने पडला ते पटले. 1999 साली विलायतेच्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आले. सरकारनेही ही रीत उचलली. आज आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्याचे मूळ या कामात आहे.

मंडळी, ही शोधाची वही कुणी लिहिली? तुमच्यासारख्याच गावच्या बायांनी. आता तुम्हालाही लिहिता येते. मग अक्षर नुसते सहीपुरते ठेवू नका. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. जन्मून तासाभरात गेलेल्या मुलाचीही करा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आली का, बघा. नाही आली, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. बाळ दूध सोडते, गार पडते किंवा भराभर श्वास घेते, तर अंगारा-धुपारा करीत वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.

जे मोजले जात नाही, त्याची दाद कुणी घेत नाही. आपण मोजू या, लिहू या, आणि मग विचारू या. एवढेच आमचे सांगणे.

राम राम.